खात्रीचा माल

नव्या पेठेत, जिन्यावरच्या दुकानात
सिद्रामप्पा हत्तुरे सिनेमातल्या वस्तू विकतो.
काचेआड टोपी, पाइप, सुरा,
प्रत्येकाला दाखला, दाखल्यावर जांभळा शिक्का,
आणि शिक्का इतका गोल, इतका ताजा
की बोट लावलं तर बोटावर उमटेल.

मी शिक्के वाचत नाही.
एकतीस वर्षं जेकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडली मी
साखर पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात.
भोक असेल तिथे दोरा उठतो, नसेल तिथे बसून राहतो.
दोऱ्याला थापा मारता येत नाहीत.

तो म्हणाला, "काका, ही चादर बघा.
एकाहत्तर सालचं पिक्चर. जेलचा सीन.
हीरो हीच पांघरून रात्रभर जागतोय.
दाखला हाय, खाली सही हाय."
मी चादर उलटी केली.
माल नेहमी उलटा करून बघावा,
सुलट बाजू सगळ्यांचीच गिऱ्हाइकाकडे असते.

मोर होता. गळा निळा, पिसारा अठरा पिसांचा,
आणि डोळ्याच्या जागी नुसता सलग लाल.
सत्त्याऐंशीच्या श्रावणात माझी एक चूक झाली होती.
घरी पोरगी तापानं फणफणलेली, मन थाऱ्यावर नव्हतं,
दोनशे बाराव्या पत्त्यावर एक भोक राहून गेलं.
मास्तराच्या लक्षात येईतो तीनशे आंधळे मोर
गाठोड्यांत बांधून गावोगाव गेले होते.
पगारातून पैसे कापले. तो हिशेब अजून तोंडपाठ आहे.

"हा मोर," मी म्हणालो, "एकाहत्तरला जन्मलाच नव्हता."

सिद्रामप्पा हसला नाही, रागावलाही नाही.
चहा मागवला. स्पेशल.
मग खुर्ची जवळ ओढून, हळूच:
"तुमच्यासारखा जाणता माणूस पाहिजे बघा मला.
तुम्ही नुसती सही करायची. नगाला पाचशे."
चहावर साय धरली. मी तिच्याकडे बघत राहिलो.
महिन्याला किती नग, याचा गुणाकार
डोक्यात आपोआप होऊन गेला होता,
त्याचीच लाज वाटली.

मंगळवार बाजारात रज्जाक बागवान
ताडपत्री पसरून बसतो: नळाच्या तोट्या,
वस्तरे, दोन पायांचा स्टोव्ह,
आणि त्यात एक बेडी.
"पिक्चरमधली?"
"इकणारा म्हणत होता."
"खरं बोलत होता?"
"पिऊन आलता. मला काय म्हाईत, काका."
"किल्ली?"
"न्हाई."
एवढं स्वच्छ 'न्हाई' मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.
साठ रुपये दिले, घासाघीस न करता.

"निजमा?" घरी अंबूबाईनं विचारलं. "पिक्चरची?"
"माहीत नाही," मी म्हणालो.
तिनं एकदा बेडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे,
आणि भाकरी उलटली.

संध्याकाळी नातवानं हात घातला.
खट्ट.
साबण झाला, गोडेतेल झालं, शेजारीपाजारी झाले,
शेवटी अशोक चौकातला कुलूपवाला आला.
अर्धा तास तार फिरवून, घाम पुसत म्हणाला,
"पिक्चरची बेडी अशी नसतीय हो.
ती झटका दिला की सुटती, हीरोला पळायचं असतंय.
ही असली हाय. कुणाच्या तरी हातात होती ही."

नातू मनगट चोळत हसत होता.
मी बेडी दिव्याखाली धरून उलटी केली.
आतल्या बाजूला लोखंड
झिजून गुळगुळीत झालेलं,
एका बाजूला जरा जास्तच.
तिथे ना शिक्का, ना सही.

खिळा ठोकून ठेवला होता. बेडी टांगली नाही.