चार हजार तीनशे बारा

शिलाई मशीनच्या मोटारीवर चालतं आमचं यंत्र.
धरणगावच्या मुनाफ पिंजारींनी जुळवून दिलंय :
एक जबडा स्थिर, दुसरा पुढे-मागे,
मधे माझी फिल्म, दोन बोटं रुंद.
पेन्सिलीच्या गोलाईइतकी वाकते
आणि सरळ होते.
वाकते,
सरळ होते.
शेजारी काउंटर टिकटिकत राहतो.

दीड व्होल्ट दिला की निळी.
उलटा दिला की काचेसारखी कोरी.
एवढंच काम तिचं,
पण ते गुंडाळून, उलगडून, घडी पडूनही करायचं,
जळगावच्या मे महिन्यात,
पत्र्याच्या अंगणवाडीच्या खिडकीवर,
दुपारी निळं, संध्याकाळी कोरं.
निदान प्रस्तावात मी असं लिहिलं होतं.

मार्चमध्ये पहिली फिल्म नऊशेला गेली.
सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर
आटलेल्या गिरणेसारखं वगैरे काही नव्हतं.
(भेग दिसली की लोकांना नदीच आठवते.)
भेगा सरळ होत्या, समांतर,
दुरेघी वहीच्या ओळींसारख्या,
मजकूर लिहायचा राहून गेलेल्या.
ओळीच्या अलीकडे निळं,
पलीकडे करंट पोचलाच नाही.

दुसरा दोष आवाज न करता येतो.
आत शिरलेले लिथियमचे कण
सगळेच्या सगळे बाहेर पडत नाहीत.
दर खेपेला चार-दोन मुक्कामाला राहतात,
यावलची शेवटची गाडी चुकल्यासारखे.
मग फिल्म स्वतःला कोरी म्हणवते,
पण कडेला फिकट काहीतरी असतं,
शाळेच्या शर्टाच्या खिशाला
पेन गळाल्याचं असतं तसं.

बोंडे सर म्हणाले, थर पातळ कर.
केला.
म्हणाले, खाली चांदीच्या तारांची जाळी घाल.
घातली. केसाच्या हजाराव्या भागाएवढी तार.
सराफ बाजारातला माझा मावसभाऊ
अजून विचारतो, किती ग्रॅम?
सोळाशे.
सोळाशेच्या पुढे काही जाईना.

रविवारी तांदलवाडीला गेले.
आदल्या रात्री वावधन येऊन गेलेलं.
आई बांधावर उभी राहून
मोडलेली झाडं मोजत होती,
आणि मी उभी असलेल्यांची पानं बघत होते.
एकही पान धड नव्हतं.
पण मधला दांडा शाबूत, शिरा शाबूत,
फाटलं होतं ते शिरेशिरेच्या मधून,
जिथे फाटलं तर चालतं तिथूनच,
आणि प्रत्येक चिंधी हिरवी, कामावर हजर.
आईने दोनदा विचारलं, काय बघतेस?
मला सांगता आलं नाही.
तिचे अठ्ठावीस घड गेले होते.

सोमवारी नवी फिल्म घेतली
आणि ब्लेडने चिरली.
शिरपूरला लेझर आहे म्हणतात,
त्याची तारीख मिळेपर्यंत हातानेच :
जाळीच्या जाड तारा सोडून, मधून मधून,
तिच्या आधी मीच.
बोंडे सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
आधीच फाडलेल्या वस्तूला
टिकाऊ कोणत्या तोंडाने म्हणायचं?
प्रबंधात शब्द काय घालणार आहेस?

शब्द नव्हता. यंत्र सुरू केलं.

नऊशे गेले. सोळाशे गेले.
तीन हजारांना मी डबा उघडला,
कळण्याची भाकरी, ठेचा,
एक डोळा काउंटरवर.
चिरांच्या टोकाशी किंचित पिवळट दिसत होतं,
ते वहीत लिहून ठेवलं. लपवलं नाही.
मुनाफचाचा तेल घालायला आले.
‘तुटनं का व बेन?’
नाही चाचा.
‘मंग अशी काय बसेल शे?’

चार हजार तीनशे बाराला तुटलं.
मोटारीचा पट्टा तुटला.
पाठोपाठ वीजही गेली,
पंखा हळूहळू थांबला,
बाहेर सेहेचाळीस अंश.

जबड्यात फिल्म अर्धी वाकलेली,
अंगभर चिरा.
करंट नाही,
तरी निळीच.
रंग एकदा चढला की असा बराच वेळ राहतो,
पुस्तकात आहे ते, पाठही आहे मला,
तरी मी जागची उठले नाही.

पट्टा भुसावळला मिळेल, चाचा म्हणाले,
गुरुवारपर्यंत.