उदासिनीकरण

तांबट आळीतून शाळेत यायचं
म्हणजे कानात ठोके घेऊनच यायचं.
प्रयोगशाळेत ते हळूहळू विझत.
मग फक्त नळ गळायचा,
आणि गांगुर्डे मामा कपाटातून बाटल्या काढायचे
झोपलेलं मूल उचलावं तशा.

निरगुडे बाईंनी विचारलं, आम्ल म्हणजे काय?
पुस्तकात होतं: चव आंबट, निळा लिटमस तांबडा.
मी म्हणाले, आमच्या दारातल्या टाकीत असतं ते.
काळा पडलेला हंडा बुडवला
की नवा होऊन वर येतो,
आणि लग्नसराईत आप्पांच्या पेरांवरची कातडी सोलते.
वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत.
आणि आम्लारी?
मला एकदम आठवला फ्रॉकवरचा हळदीचा डाग,
साबण लागताच लालभडक झालेला,
आई केवढी घाबरलेली.
पण ते मी सांगितलं नाही.

मग ब्युरेट.
शंकुपात्र मनगटातून गोल फिरवायचं, घाई नाही.
थेंब पडे, गुलाबी धूर उठे, विरून जाई.
पुन्हा थेंब.
शेजारच्या तस्नीमनं तोटी जास्त सोडली,
तिचं पात्र एकदम राणी रंगाचं.
"गेलं," मामा म्हणाले, "आता पहिल्यापासून."
माझं बावीस पूर्णांक चारला थांबलं.
एकाच थेंबानं.
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं फिकट,
आहे की नाही, असं.

बाई फळ्यावर लिहीत होत्या: उदासिनीकरण.
बाई, दोघं भेटल्यावर उदास का होतात?
या वेळी हसल्या.
जरा तीव्र घेतलेलं दुसरं पात्र पुढे सरकवलं,
म्हणाल्या, हात लाव.
कोमट होतं.
दुपारी उन्हात राहिलेल्या तांब्यासारखं.
मीठ झालं, पाणी झालं, बाई सांगत होत्या,
माझा तळवा अजून काचेवरच.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते,
बोटं फुंकत.
मी वाडग्यात खायचा सोडा कालवला,
त्यांचा हात धरून आत बुडवला.
नखांच्या कडेनं बारीक फेस आला.
"हे कुठलं?"
पुस्तकातलं, म्हणाले.
"हं."
ते बराच वेळ तसेच बसले,
शेजारी हातोडी उताणी.

मी वाडग्याला बाहेरून हात लावून पाहिला.
कोमट नव्हता.
उलट गारच.

उद्या बाईंना विचारायला हवं.