एक देवळालीला, एक ओढ्याला

अण्णा प्रेसमध्ये तिकिटं तपासायचे.
पोस्टाची. दिवसभर भिंगाखाली
हिरव्यावर तांबडा नीट बसलाय का, एवढंच.
केसभर सरकला की अख्खा ताव रद्द,
आणि रद्द ताव मोजून, सही करून, भट्टीत.
गेटवर झडती असायची. त्यामुळे
चुकलेलं एकही तिकीट आम्ही कधी पाहिलं नाही,
नुसतं जेवताना ऐकलं:
आज एका मोराचा डोळा मोराबाहेर छापला गेला.

हेमराज चार वर्षांचा.
त्यानं ताटातून मान वर केली,
उजवा डोळा अण्णांकडे,
डावा खिडकीतून नेहरूनगरच्या टाकीकडे.
आमटी वाढायची राहिली.

कॉलनीतली पोरं मात्र बोलायची.
एक डोळा देवळालीला, एक ओढ्याला,
नाशिकरोडला गाडी थांबतच नाही!
इतकं चपखल होतं की मीही हसले,
आणि हसताना उन्हानं माझा एक डोळा मिटला,
तो नेहमीच मिटायचा.
सगळ्या फोटोत मी डोळा मारतेय.
आई म्हणायची, हिला ऊन सोसत नाही.

शालिमारच्या डॉक्टरांनी पट्टी दिली,
चांगल्या डोळ्यावर, रोज चार तास.
चांगला झाकला की आळशी कामाला लागतो.
आईला हा अन्याय वाटला,
अण्णांना पटलं.
लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.
मी नऊ वर्षांची. माझे डोळे सरळ.

पट्टी लावली की तो भिंत धरून चालायचा.
एकदा मांजर समजून चप्पल कुरवाळत बसला.
तिसऱ्या दिवशी म्हणाला,
ताई, काढ ना, तू कुठं गेलीस?
मी काढली.
मग सौदाच ठरला: प्रेसचा भोंगा होईपर्यंत उघडं,
भोंगा झाला की चिकटव.
बदल्यात त्याच्या वाटची साय माझी.
अण्णा यायचे, त्याची हनुवटी धरून
पट्टीच्या कडा बघायचे, चारही,
आणि म्हणायचे, शाब्बास.

दोन वर्षं साय खाल्ली मी.
मग डॉक्टर म्हणाले, आता वय गेलं.

हेमराजचं बिटकोपाशी बॅटऱ्यांचं दुकान आहे.
चहा ओतताना किटलीची चोच
तो आधी कपाच्या काठाला टेकवतो, मग ओततो.
गिऱ्हाइकांना ती अदब वाटते.

परवा त्याच्या ऋजुताला घेऊन गेलो.
तेच शालिमार, तोच जिना,
डॉक्टर आता जुन्यांची सून.
घरात आणखी कुणाला?
हेमराजनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
मी म्हटलं, मला नाही.
बघू तरी, म्हणाली. काळा चमचा
माझ्या डाव्या डोळ्यावर धरला, उचलला.
हा बघा, आला परत.
कुठून?
बाहेर गेला होता. झाकला की जातो.
एरवी तुम्ही ओढून धरता, लहानपणापासून.
उन्हात एक डोळा मिटतो का हो?

इतके ताव तपासले अण्णांनी,
आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवले.

परतीच्या रिक्षात, द्वारकेच्या सिग्नलला,
हेमराजला भोंग्याचं सगळं सांगून टाकलं,
जसं काही तो तिथं नव्हताच.
तो बराच वेळ समोरची बस बघत राहिला.
मग म्हणाला, साय मला आवडायचीच नाही.

ऋजुताची पट्टी आता माझ्याकडे आहे.
त्यानंच दिली, डबीसकट.
प्रेसचा भोंगा इथवर ऐकू येत नाही,
मी घड्याळ लावते.
आत्या, काढ ना, ती म्हणते.
मी नाही काढत. तिच्यासमोर फरशीवर बसते,
माझाही एक डोळा तळहातानं झाकते,
आणि आम्ही दोघी मण्यांत दोरा ओवतो,
चुकतो, पुन्हा ओवतो.
हाताखाली तो डावा
कुणी बघत नाही म्हटल्यावर
आपला निघतो, ओढ्याकडे.