चौथ्या ब्लॉकमध्ये कोणी नाही

संध्याकाळचे साडेसात, आणि ऊन अजून दुपारचंच.
जूनमध्ये आमच्या बॉथ्नियाच्या किनाऱ्यावर
सूर्याला घरी जायची आठवणच होत नाही.
केबिनमधून येरे ओरडतो,
"पिर्क्को, चौथा ब्लॉक भरलेला दाखवतोय!"
मी खिडकीतून बघते. रिकामा.
रुळावर एक कुरव पक्षी. तोही उडून जातो.
तरी लाल.

नियम तसा पोरालाही कळेल असा:
एका ब्लॉकमध्ये एकच गाडी.
पुढची बाहेर पडल्याशिवाय मागचीला आत पाऊल नाही.
बाहेर पडली हे सांगायला दोन सेन्सर,
अंगठ्याएवढे, रुळाच्या कुशीत, शेजारी शेजारी.
डोळे नाहीत त्यांना. कान नाहीत.
गाडीच्या पोटाखालची पोलादी पट्टी
बारा मिलिमीटरवरून सरकली की म्हणतात, आहे.
मग म्हणतात, नाही.
दोन शब्दांवर सगळा संसार.
गाडीत कोण होतं, हसत होतं
की डोळे मिटून देवाचं नाव घेत होतं,
ते त्यांना विचारू नका.

आज पहिला म्हणतो, गेली.
दुसरा म्हणतो, मला कुठे काय दिसलं.
आणि दोघांचं जमलं नाही
की यंत्र वाईटावर विश्वास ठेवतं.
मला त्याचं हे आवडतं.

मागची गाडी चढावर, साखळीच्या दाताला धरून.
चोवीस माणसं आभाळाकडे तोंड करून बसलेली.
मी पायऱ्या चढते. एकशे अठ्ठ्याऐंशी.
मोजते मी नाही, माझा गुडघा.
पहिल्या डब्यातली बाई विचारते, "काय तुटलं?"
"काही नाही. दोघांचं पटत नाहीये."
ती नवऱ्याकडे बघते. मागे कोणीतरी फिस्सकन हसतं.
एका मुलाच्या मुठीत आईस्क्रीमची रिकामी काडी,
एवढ्या उंचीवरूनही खाली न टाकलेली.
शाबास रे.

मग उतरून मधल्या ब्रेकच्या फळीवर.
इथेच बाबा उभे असायचे,
रूळ लाकडी होते तेव्हा, हातात माणसाएवढा लिव्हर.
डावा कान जहाजांच्या कारखान्यात गेलेला,
उजवा वाऱ्याने भरलेला.
गाडीने माथा ओलांडला की त्यांच्या तळपायांना कळायचं.
पातळ तळव्यांचे बूट मुद्दाम घ्यायचे, हिवाळ्यातसुद्धा.
मी विचारलं होतं, कधी चुकलात?
"एकदा," म्हणाले,
आणि कॉफीत साखर ढवळत राहिले.
साखर ते घेत नसत.

बोल्ट सैल झालाय.
फट एकोणीस मिलिमीटर.
बिचारा खोटं बोलत नव्हता,
गाडी त्याच्यापासून लांबून गेली, एवढंच.
बोल्ट आवळते, प्लास्टिकची चकती घालून अंतर मापते.
पाना त्याच्यासमोर धरते:
पिवळा दिवा. आहे.
काढते. नाही.
धरते. आहे.
गरज नसताना आणखी दोनदा.

बाबा आता पाइन झाडांमागच्या त्या घरात,
जिथे जेवण साडेचारला मिळतं.
नावं गेली. आईचं आधी, मग माझं.
दार उघडलं की मान वळते, कोणीतरी आलं.
दार लागलं की पडते, कोणीतरी गेलं.
मी खिडकीपाशी बसते, भेट देणारे बसतात तिथे,
पायात मऊ बूट, त्यांना त्रास नको म्हणून.

"हिरवा!" येरे ओरडतो.
रीसेट, घंटा, साखळीची खडखड.
चोवीस माणसं माथ्यावरून खाली,
आणि ओरडा त्यांच्या मागोमाग, जरा उशिरा.
मी फळीवरच थांबते.
तळपायांना काहीतरी कळतं, मग दिवा लागतो.
की आधी दिवा? सांगता येणार नाही.

रविवारी टाचांचे बूट घालेन.
खुर्ची पलंगाला लावेन, अगदी लावून.