जागली

दोन वाजले की यशू उठून बसते.
रडत नाही. नुसती बसते
गोधडीच्या मधोमध,
आणि छताकडे पाहते.

साडेतीन वर्षांची झाली.
अंगणवाडीच्या काट्यावर आता वजन भरतं,
दिवसभर कोंबड्यांमागं धावते,
पण रात्र तिला जमत नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत
एक्केचाळीस दिवस ती माझ्या नावानं झोपली.
पायाला पट्टी, पट्टीवर ‘बेबी ऑफ प्रणिता’.
तिथं रात्र नव्हतीच.
निळा दिवा, ट्यूबलाइट, आणि टुंग, टुंग.
तो आवाज बदलला की सिस्टर धावायच्या.
म्हणून असेल,
लाइन जाऊन पंखा थांबला
की हिचे डोळे खाडकन उघडतात.

झोपेत टाचेला हात लावू देत नाही.
टाचेतून रक्त काढायचे,
तीळ सांडावेत तसे डाग आहेत अजून.
मोजा घालायला गेलं की पाय पोटाशी घेते.
एवढ्याशा जिवाला काय आठवते, सासूबाई म्हणतात.
पायाला आठवतं, मी म्हणते. मनात.

शेजारची म्हणाली, दृष्ट काढ. काढली.
आमच्या आशाताईनं वेगळंच विचारलं,
‘तू किती वेळा उठतेस व रात्री?’

सांगितलं नाही मी.
नाकाखाली बोट धरते तिच्या.
श्वास लागला की परत पडते,
मग वाटतं, पंख्याचाच वारा असेल तो,
मग पुन्हा.
त्या बोटानंच तर जागी होत नसेल?

तिकडं हरभऱ्यात तिचा बाप जागलीवर.
डुकरांसाठी डबा बडवतो,
आणि मधूनमधून मचाणावरून
घराकडे बॅटरी मारतो.
यशू खिडकीतून मोजते.
दोन, सात, दोन.

परवा मलाच कशी झोप लागली, कळलं नाही.
जाग आली तर नाकाखाली काहीतरी
ओलसर, गुळाचा वास असलेलं.
तिचं बोट.
दोन, सात, दोन.

मी डोळे मिटूनच ठेवले.
नीट, मोठा श्वास घेत राहिले,
तिला ऐकू जाईल असा.
हात कधी घसरला, समजलं नाही.

पहाटे तो आला. घोंगडीवर दव.
दारातच चपला काढत हळू म्हणाला,
‘झोपली का?’

कोणाबद्दल, ते मी विचारलं नाही.
हो म्हटलं.