रस्ता वर, जोतं खाली

सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा पेढे आम्हीच वाटले.
इंजिनिअर म्हणाला, पंचवीस वर्षं बघायचं काम नाही.
कुणी बघितलंच नाही
की रस्ता वीतभर वर आला
आणि आमची जोती होती तिथंच राहिली.

मी गिरणीवाली, प्रयागबाई दुधाटे,
परभणी, जुन्या कडबा बाजारामागची गल्ली.
पाण्यातलं मला कळत नाही. पिठातलं कळतं.

एप्रिलात याच गल्लीत, टँकरच्या पाइपापायी,
मुंजाजीच्या सुनेची घागर मी लाथेनं उडवली होती.
सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्रात, रात्री दोनला
ती अन् मी, तीच पोचा पडलेली घागर घेऊन
माझ्या गिरणीतलं पाणी उपसत होतो.
एप्रिलाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

पाणी एकटं आलं नव्हतं.
अन्सारच्या गॅरेजचं ऑइल, मोरपंखी रंग धरून,
गुटख्याच्या पुड्या, कोंबड्यांची पिसं,
कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
गिऱ्हाइकांचे अकरा डबे, नावं घातलेले,
ज्वारी फुगून झाकणं वर उचललेली.
सकाळी सगळं ओढ्याला लागलं,
ओढ्यातून पुढं गोदावरीच्या वाटेला.
अन्सार म्हणाला, "गेलं ना, मावशी?"
म्हटलं, "गेलं कुठं बाबा?
खालच्या कुणाच्या तरी दारात गेलं."

गिरणीचं एक असतं.
दाणे एकदम ओतले की दगड अडतो,
पट्टा उडतो, मोटार जळते.
दाण्यामागं दाणा सोडावा लागतो.
अन् आपण पाऊस कसा ओततो?
पत्र्यावरून फरशीवर, फरशीवरून रस्त्यावर,
घडीभर कुठं टेकू देत नाही त्याला.
खाली जमिनीला तोंड आहे,
त्यावर आपणच झाकण ठोकलेलं.

तिम्मा धोत्रेला बोलावलं. त्यानं आयुष्यभर विहिरी खोदल्या.
पहार आपटून म्हणाला,
"ही काळी माती लबाड आहे, बाई.
दोन घोट पिते अन् तोंड मिटून बसते.
मुरूम लागेस्तोवर खाली जावं लागतंय."
साडेसात फुटांवर मुरूम लागला.
त्यावर दगड, दगडावर फुटक्या विटा, विटांवर वाळू.
एक खड्डा माझ्या दारात, एक मुंजाजीच्या,
तिसरा मशिदीच्या नळापाशी.
पत्र्यांचं पाणी जाळीतून अन् वाळूतून गाळून
बुजत आलेल्या आडात सोडलं.

ललवाणी शेठ दुकानापुढची फरशी काढू देईना.
"माझी गाडी चिखलात लावू का?"
चार दिवस दोघं एकमेकांकडं बघेनात, शेठ अन् तिम्मा.
मग ठरलं, दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या राहू द्यायच्या,
मधली फरशी उचलायची, तिथं हरळी लावायची.
अन्सारनं गाडीखाली परात धरली,
परातीभोवती लाकडाचा भुसा.
"ऑइल विकलं जातं, मावशी," मला नंतर म्हणाला,
"हे आधी सांगायचं ना!"

नगरपालिकेला तीन अर्ज दिले.
तिसऱ्याची पोच मिळाली.

हस्त लागला.
विजा पूर्णेकडून आल्या, पाऊस कुठून आला कळलंच नाही,
दीड तास पत्र्यावर कुणी गोटे पाखडल्यासारखा.
मी पायरीवर बसून बॅटरी धरली.
पाणी आलं. आलंच.
पहिली पायरी भिजली, दुसरीला त्यानं नाक लावलं,
तिथंच घुटमळलं,
जसं उधारी मागायला आलेलं गिऱ्हाईक.
मशिदीपाशीचा खड्डा मात्र गाळानं तुंबला.
वाळू बदलायची पाळी कुणाची,
यावरून सकाळी पुन्हा भांडण.

गिरणीत भिंतीवर "उधार बंद आहे" लिहिलंय,
त्याच्या बोटभर खाली गेल्या साली पाण्यानं ओढलेली मातकट रेघ.
पोरगं म्हणतं, दिवाळीला चुना मारू.
म्हटलं, बाकी सगळीकडं मार.

रात्री मोटार बंद केली की
आडाच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहते.
आत कुठंतरी
थेंबामागं थेंब.
एप्रिलापर्यंत किती उरेल, ठाऊक नाही.
मुंजाजीच्या सुनेला म्हटलं,
घागरीचा पोचा ठोकून घे, पैसे मी देते.