टाहो

लुझविमिंडा पागधरे हे नाव पाकिटावर वाचलं
तेव्हा वाटलं, कुणीतरी गंमत केलीय.
तीन बेटं जोडून एक नाव, ती म्हणाली,
आणि आडनाव सातपाटीचं, पाग धरणाऱ्यांचं.
नवरा जहाजावर. ती मढला, दोन खोल्यांत,
खिडकीसमोर वलांडीवर बोंबील
आणि टेबलावर बत्तीस पानांची वही.
चित्रं मी काढायची,
मराठी दोघींनी मिळून शोधायचं.

दर गुरुवारी वर्सोव्याहून तरीत बसायचे,
मांडीवर कागदांची सुरळी,
खाडीचं पाणी उडतं म्हणून वर प्लास्टिक.

पहिली म्हैस चुकली.
मी आरेच्या तबेल्यातली काढली होती, जिलबीसारख्या शिंगांची.
तिने खोडरबर घेतलं, काही न बोलता
शिंगं उलगडली, मागे नेली, विळ्यासारखी,
आणि पाठीवर एक अनवाणी मुलगी बसवली.
सासूबाई डोकावल्या: "दूध किती देते?"
"दूध नाही. नांगर ओढते."
"मग रेडाच काढा की," म्हणाल्या, आणि गेल्या.

नवव्या पानावर सकाळ होते.
गल्लीतून एक माणूस येतो, खांद्यावर कावड,
एका डब्यात सोयाच्या दुधाचं गरम, थरथरतं दही,
दुसऱ्यात गुळाचा पाक आणि साबुदाणा.
तो ओरडतो: टाहोऽऽऽ!
मुलं पेले घेऊन धावतात.

दादरच्या कचेरीत टिपणीसांनी चष्मा काढला.
"टाहो? अहो, टाहो फोडतात.
चार वर्षांच्या पोराला झोपताना हे वाचायचं?
खीर म्हणा. नाहीतर सरळ कुल्फीवाला करा."

तरीत बसून मी एकेक शब्द जिभेवर ठेवून पाहिला.
खीर पातळ. लापशी जाड.
खरवस जवळचा होता.
खरवस चालला असता.

तिला मी अर्थ सांगितला:
टाहो म्हणजे असं रडणं
की शेजारी हातातलं काम टाकून दार उघडतात.
ती हसेल असं वाटलं होतं.
ती बोंबील उलटायला बाहेर गेली.
बऱ्याच वेळाने आली, हाताला वास घेऊन.

"आई जेद्दाला गेली ती सकाळी सहाला.
मला पेला दिला, नाणी दिली,
जा, टाहो घेऊन ये.
आले तेव्हा पेला गरम होता.
दारात आईच्या चपला नव्हत्या.
मी रडले नाही.
ओरडत होता तो. लांब लांब जात."

माझी आई ताडदेवला
दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालायची.
रात्री मला जवळ घ्यायची
तेव्हा तिच्या तळव्यांना कुणाच्या तरी बाळाचं तेल.
हे मी लुझविमिंडाला सांगितलं नाही.
नववं पान फाडलं. पुन्हा काढलं:
पेला, दोन्ही हातांत धरलेला,
वाफ, आणि उंबरा.
चेहरा नाही.

टिपणीस तळटीप मागत राहिले.
तळटीप मुलं खातात का, मी विचारलं.
फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही,
मग म्हणाले, "बरं, पण पाक नीट दिसू दे."

तिच्या मुलीचं नाव तला.
बालवाडीतल्या बाई हजेरीत 'तारा' म्हणतात,
ती 'हजर' म्हणते, कारण दोन्हीकडे अर्थ तोच.
पुस्तक आलं त्या रविवारी
तिने वाळूत बसून ते मोठ्याने वाचलं,
अक्षरं जोडत, काही गाळत,
आणि नवव्या पानाशी
मढची पंधरा-वीस पोरं
नाकातून शेंबूड, हातात स्टीलचे पेले,
एका दमात ओरडली:
टाहोऽऽऽ!

वलांडीपलीकडून सासूबाई
पदर खोचत धावत आल्या.
"कोण गेलं गं?"

लुझविमिंडा पातेल्यावर वाकली होती,
पाक ढवळत,
तळाला लागू नये म्हणून.